तीन नॉर्मल रिपोर्ट

हा लेख फराळाचं ताट बाजूला सारून वाचावा, ही विनंती.

संपादकांनी "नोकरीतले अनुभव लिहा" असं सांगितलं तेव्हा माझी नोकरी नेमकी काय होती हे त्यांना बहुधा माहीत नसावं. गेवराईत एका डॉक्टरांच्या दवाखान्याला लागून असलेल्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं टेक्निशियन होते. रक्त, लघवी, थुंकी आणि शौच तपासणं हे माझं काम. पहिल्या तिन्हींबद्दल लोक चारचौघांत बोलतात. शुगर किती निघाली हे तर पंगतीत जिलबी वाढून घेता घेता सांगतात. चौथ्याबद्दल कुणी बोलत नाही. मी त्याबद्दलच लिहिणार आहे, तेव्हा ज्यांना पान उलटायचं असेल त्यांनी आत्ताच उलटावं.

माझे अब्बा एसटी स्टँडसमोर फळांचा गाडा लावायचे. मुलगी शिकून दवाखान्यात लागली म्हणून त्यांनी अख्ख्या गल्लीत पपया वाटल्या. मी काय तपासते हे त्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि दुसऱ्या कुणी विचारलंच तर "सायन्स" असं सांगून ते गिऱ्हाईक बघायचे. लग्नानंतर पहिले आठ दिवस सासूबाईंनी मला कणकेला हात लावू दिला नाही. माझा नवरा ट्रॅक्टर मेकॅनिक, त्याचे हात कोपरापर्यंत काळे असायचे, त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. नवव्या दिवशी सासूबाईंची कंबर धरली आणि माझे हात एकदम स्वच्छ झाले. तेव्हापासून आजपर्यंत त्या घरातली कणीक मीच मळते आहे.

शौचाचा नमुना हरभऱ्याएवढा पुरतो. हे वाक्य मी एकतीस वर्षं रोज बोलले आणि ते कुणीही ऐकलं नाही. आम्ही प्लास्टिकची छोटी डबी द्यायचो, पण लोकांना ती अपुरी वाटायची. काडेपेटी, तंबाखूची डबी, लोणच्याची बरणी, सगळ्यांतून नमुने आले. एका गृहस्थांनी लग्नाच्या आहेरातला स्टीलचा डबा काठोकाठ भरून आणला. डब्यावर देणाऱ्याचं नाव आणि खाली "सप्रेम भेट" असं कोरलेलं होतं. तपासून झाल्यावर डबा परत पाहिजे, बायकोच्या मामाकडचा आहे, असं त्यांनी बजावून सांगितलं. मी तो धुऊन परत दिला. पुढे त्यांच्या घरी एका कार्यक्रमाला गेले होते, तेव्हा मी काहीही न खाता उपवास आहे म्हणून सांगितलं. नसीमबाईंचा कसला उपवास, असं तिथल्या बायका एकमेकींना विचारत होत्या.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते. काचेच्या पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब आणि आयोडिनचा एक थेंब घ्यायचा, त्यात काडीच्या टोकाएवढा नमुना कालवायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. जंतांची अंडी, अमिबा, रक्ताच्या पेशी, असं काय काय दिसतं ते शोधायचं. सापडलं तर त्याचं नाव लिहायचं. नाही सापडलं तर "नॉर्मल" लिहून सही करायची. म्हणजे नॉर्मल या शब्दाचा अर्थ एवढाच, की मी ज्या चार-सहा गोष्टी शोधल्या त्यांतली एकही मला दिसली नाही. पाचवी-सातवी कुठली असेल तर ती मी शोधलेलीच नसते. हे मला ठाऊक होतं, डॉक्टरांना ठाऊक होतं. रिपोर्ट घेऊन घरी जाणाऱ्याला ते ठाऊक नसतं, आणि मी कधी कुणाला सांगितलं नाही. खिडकीत गर्दी असायची.

पोटाची तक्रार घेऊन येणारी तरुण पोरं गेल्या दहा-बारा वर्षांत फार वाढली. मेसवर जेवणारी, अकॅडमीत राहणारी, परीक्षांच्या मागे लागलेली. आमचे डॉक्टर त्यांना चार प्रश्न हमखास विचारायचे. शौचातून रक्त जातं का, ताप येतो का, वजन उतरलंय का, झोपेतून उठून जावं लागतं का. यांतलं एकही "हो" आलं तर गोळ्या देत बसायचं नाही, पुढच्या तपासण्या करायच्या किंवा सरळ मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. चारही "नाही" आली तर बहुतेक वेळा आतडी चांगली असतात, पण ती मनाबरोबर धास्तावलेली असतात. परीक्षेची तारीख डोक्याच्या आधी पोटाला कळते, असं डॉक्टर म्हणत. आजार खोटा नसतो, दुखणं खरंच होतं, फक्त काचेखाली दिसत नाही. हे ते पोरांना नीट समजावून सांगत. पोरांबरोबर आलेले बाप तोवर मोबाईल बघत असत.

कोमल पहिल्यांदा आली ती उन्हाळ्यात, तिच्या वडिलांबरोबर. वीस वर्षांची, उंच, काटक, पायात पळायचे बूट. गोदाकाठच्या एका गावातली. पोलीस भरतीची तयारी करत होती. आमच्या भागात बारावी झाली की अर्धी पोरं भरतीच्या मागे लागतात, आता पोरीही लागतात. सकाळी हायवेच्या कडेनं वाळूच्या गाड्या चुकवत पळणारी पोरं दिसतात, त्यांतलीच ही. तिचे वडील उत्तमराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. ऊस, कापूस, पांढरा शर्ट, दोन मोबाईल. गळ्यात माळ, एकादशीला नारायणगडावर हजेरी. मुलीला भरतीला घालायचं त्यांनीच ठरवलं होतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

डॉक्टरांनी प्रश्न विचारले आणि उत्तमरावांनी उत्तरं दिली. पोट किती दिवसांपासून बिघडलंय? चार महिने. दिवसातून किती वेळा जावं लागतं? तीन-चारदा. कोमल भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत हळूच म्हणाली, सहा. रक्त नाही, ताप नाही, झोपेतून उठावं लागत नाही. वजन दोन किलो उतरलेलं, पण पोरगी रोज एवढी पळते म्हटल्यावर त्याचं कुणाला काही वाटलं नाही. खाणं काय? भाकरी, वरण, भाजी. बाहेरचं काही? अजिबात नाही. डॉक्टरांनी कागदावर "घरचं साधं जेवण" असं लिहिलं आणि तिला माझ्याकडे पाठवलं.

तिचा नमुना मी तपासला. नॉर्मल. महिन्याभरानं ती परत आली, पुन्हा तपासला. नॉर्मल. रक्त चांगलं होतं, थायरॉईड ठीक होतं, बाहेरून करून आणलेली सोनोग्राफी स्वच्छ होती. जंताच्या गोळ्या झाल्या, आतड्याला आराम पडायच्या गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी टेन्शनचं सांगितलं तेव्हा उत्तमराव म्हणाले, "टेन्शन कशाचं? बाप जिवंत हाय तिचा." तिसऱ्यांदा नमुना आला तोवर भरतीच्या ग्राउंडची तारीख जाहीर झाली होती. पोलीस भरतीत आधी मैदानी चाचणी होते, मुलींना आठशे मीटर आणि शंभर मीटर पळावं लागतं, गोळा फेकावा लागतो. त्यालाच सगळे ग्राउंड म्हणतात. ग्राउंड निघालं तर लेखी परीक्षा. कोमलच्या ग्राउंडला तीन आठवडे राहिले होते.

तिसरा रिपोर्ट न्यायला उत्तमराव एकटेच आले. कागद खिडकीतच उघडून त्यांनी वाचला, मग खिशातून आधीचे दोन काढले आणि तिन्ही एकावर एक ठेवले.

"तिन्ही बार नॉर्मल. म्हंजी पोरीच्या पोटात काय न्हाई, डोक्यात हाय. ग्राउंडाचं भ्या घेतलंय तिनं, म्हनून पोट धरून बसायली."

माजलगावकडचं एक स्थळ त्यांच्या मागे लागलं होतं. पोरीनं ग्राउंड मारलं तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर उरकून टाकतो, असं त्यांनी मला सांगितलं. मला कशाला सांगितलं, तर समोर मी होते म्हणून. मी म्हणाले, भाऊ, नॉर्मलचा अर्थ तसा नसतो. "मग कसा आसतो?" त्यांनी विचारलं. त्यांच्यामागे सहा-सात माणसं उभी होती आणि एका बाईच्या कडेवरचं पोर रडत होतं. मी म्हणाले, डॉक्टरांना विचारा. ते डॉक्टरांकडे गेले नाहीत. तीन कागद शर्टाच्या खिशात घालून ते थेट बाहेर पडले. त्या दिवशी मी त्यांना दोन मिनिटं बसवून घ्यायला हवं होतं. याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

चार दिवसांनी कोमल एकटी आली. सकाळची गर्दी ओसरली होती. ती खिडकीत आली नाही, दारातून आत आली आणि म्हणाली, "मॅडम, एक काम व्हतं. रिपोर्टात कायतरी लिवून द्या."

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "जंत लिवा. कसलेबी लिवा."

मी तापट बाई आहे. मी तिला चांगलंच झापलं. इतक्या वर्षांत एक खोटी सही केली नाही, आमदाराच्या माणसानं दारूच्या तपासणीत हातचलाखी करायला सांगितली तेव्हाही केली नाही, आणि तू पोलिसात जायला निघालेली पोरगी मला खोटं लिहायला सांगतेस, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही.

"तुमचा रिपोर्ट खरा हाय, म्हनून घरात मी खोटी ठरले," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून तिला बसवलं. एकतीस वर्षांत मला कुणी एवढं सरळ बोललं नव्हतं. मग ती हळूहळू सांगत गेली. मैदानावर तिसऱ्या राउंडला पोटात कळ येते. ट्रॅक सोडून बाभळींच्या मागे पळावं लागतं. बरोबरच्या पोरी हसतात. कोचनं सांगितलंय, उद्यापासून पोट घरी ठेवून ये. म्हणून वेळ लावून पळायचं असलं की ती आता आदल्या दिवसापासून जेवतच नाही, पोट रिकामं राहावं म्हणून. तरीही जावं लागतंच. मी विचारलं, कालपासून काय काय पोटात गेलंय, एकेक सांग.

"कायच न्हाई मॅडम. निस्तं दूध."

मी विचारलं, किती? तिनं दोन्ही हातांनी तांब्याचा आकार दाखवला. सकाळी पळायला जायच्या आधी एक तांब्या, पळून आल्यावर एक, निजताना एक. म्हशीचं, धारेचं, सायीसकट. ती भरतीच्या तयारीला लागली तेव्हा तिच्या मामानं खास तिच्यासाठी म्हैस पाठवली होती. तेव्हापासून रोज तीन तांबे. पोट फारच बिघडलं की आई भाकरी बंद करायची आणि हलकं म्हणून दूधभात द्यायची. मग पोट आणखी बिघडायचं, मग आणखी दूधभात.

मी म्हणाले, अगं, डॉक्टरांना का नाही सांगितलंस? तिलाच नवल वाटलं. डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं होतं. दूध कुणी जेवणात धरतं का? आणि पोट बिघडायला मसाला लागतो, तेल लागतं, बाहेरचं लागतं. दुधावर शंका घ्यायचं तिच्या मनात आलं नव्हतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं, डॉक्टरांच्याही नाही. आम्ही तिघंही दूध पिऊनच मोठे झालो होतो.

दुधात एक साखर असते. ती पचवायला आतड्यात एक रस लागतो. लहानपणी तो भरपूर असतो, पण पुष्कळ माणसांत मोठं होता होता कमी होत जातो. मग ती साखर न पचता तशीच खालच्या आतड्यात जाते, तिथले जंतू तिला आंबवतात, गॅस धरतो, कळा येतात, पाणी सुटतं. चहातलं दूध एखाद्याला चालून जातं, अर्धा पेलाही चालतो. तीन तांबे चालत नाहीत. यात आजार असा काही नसतो, काचेखाली दिसण्यासारखं तर काहीच नसतं.

पूर्वी आमच्याकडे एक बालरोगतज्ज्ञ आठवड्यातून एकदा यायचे. जुलाबातून उठलेल्या तान्ह्या मुलांना दूध पचत नाही असा संशय आला की ते माझ्याकडून एक जुनी तपासणी करून घ्यायचे. नमुना आंबट झालाय का ते लिटमसच्या कागदावर बघायचं, आणि निळ्या द्रावणात चार थेंब घालून उकळायचं. साखर असेल तर निळा रंग बदलतो. लघवीतली साखर आम्ही अशीच बघायचो, पट्ट्या आल्या तशी ती बाटली कपाटात मागे गेली. मी स्टुलावर चढून बाटली काढली. कोमलला म्हणाले, ताजा नमुना लागेल. ती म्हणाली, त्याची काळजी करू नका.

निळा लिटमस लाल झाला. परीक्षानळी दिव्यावर धरली तर निळ्याचं हिरवं झालं, मग पिवळं, मग विटकरी. मला फार आनंद झाला. असल्या कारणानं आनंद होणारी माणसं जगात थोडीच असतील, पण खोटं कशाला सांगू. नळी तशीच हातात धरून मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. आत एक पेशंट होता, तो उठून बाहेर गेला.

डॉक्टर आधी चिडले. ही तपासणी करायला तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हणाले, कुणी नाही. मोठ्या माणसात या रंगावर फार भरवसा ठेवायचा नसतो, असं त्यांनी मला ऐकवलं. मग मी तीन तांब्यांचं सांगितलं. त्यांनी कोमलचा कागद मागवला, स्वतःच्याच अक्षरातलं "घरचं साधं जेवण" थोडा वेळ वाचत बसले आणि तिला आत बोलवा म्हणाले. दोन आठवडे दूध पूर्ण बंद, हीच खरी तपासणी, त्यांनी तिला सांगितलं. खवा, पेढा, आइस्क्रीम, खीर, काही नाही. दही-ताक नंतर थोडं थोडं घेऊन बघायचं. ताकदीसाठी हरभरा, शेंगदाणे, तीळ आणि चालत असतील तर अंडी. उपाशी पळायचं नाही. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर संभाजीनगरला जाऊन कॅमेऱ्याची तपासणी करून घ्यायची, इथे बसून राहायचं नाही. गोळी एकही दिली नाही. ग्राउंडला सोळा दिवस होते.

बाहेर आल्यावर कोमल म्हणाली, आईला तुम्हीच सांगा. बापाला सांगायची तिला भीती नव्हती, आईला सांगायची होती.

तिची आई, सुमनबाई, बाजारच्या दिवशी आल्या. ठेंगणी, सावळी बाई, डोईवर पदर. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि शेवटी म्हणाल्या, "मॅडम, म्हैस माज्या माहेरची हाय." मी म्हणाले, म्हशीचा काही दोष नाही. "मग माजा?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, कुणाचाच नाही. पण त्यांना ते पटलं नाही. दूध तर आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात, देवाला घालतात, त्यानं कुणाचं पोट जातं? जाता जाता त्यांनी मला माझी बघायची मशीन एकदा दुरुस्त करून घ्यायला सांगितलं.

मला राग आला होता. नंतर विचार केला तेव्हा उतरला. त्या घरात पोरीच्या भरतीसाठी जे जे चाललं होतं ते सगळं उत्तमरावांचं होतं. अकॅडमी त्यांनी शोधली, बूट त्यांनी आणले, कोच त्यांच्या ओळखीचा. आईच्या हातात एकच गोष्ट होती. सगळ्यांच्या आधी उठून धार काढायची आणि तांब्या पोरीच्या हातात द्यायचा. मी त्यांना सांगत होते, तेच तुमच्या पोरीला बाधतंय. मीही एक आई आहे. मला कुणी असं सांगितलं असतं तर मीही मशीनलाच दोष दिला असता.

पुढचं मला कोमलनं नंतर सांगितलं. आईनं दूध देणं थांबवलं नाही. आईच्या हातातला तांब्या घ्यायचा, पीत पीत चालल्यासारखं करत गोठ्यामागे जायचं आणि रेडकाला पाजायचा, असं तिनं सुरू केलं. माहेरच्या म्हशीचं दूध तिच्याच रेडकाच्या पोटात जाऊ लागलं, फक्त कोमलच्या हातून. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या कळा थांबल्या. आठव्या दिवशी ती बाभळींकडे न बघता पूर्ण पळाली. रेडकू एव्हाना ढोलासारखं झालं होतं आणि त्याच्या अंगावर तकाकी आली होती.

सुमनबाईंनी आयुष्यभर जनावरं सांभाळलेली. कुठलं रेडकू किती पितं हे त्यांना बघून कळतं. त्यांनी रेडकाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. दहाव्या दिवशी सकाळी तांब्या आला नाही. त्याऐवजी भिजवलेले हरभरे आले आणि पदराखालून दोन उकडलेली अंडी आली. उत्तमरावांच्या माळेच्या घरात अंडं शिजत नव्हतं. बाईंनी गोठ्यामागे तीन दगड मांडून, जुन्या डालड्याच्या डब्यात ती उकडली होती. ग्राउंडपर्यंत रोज उकडली. त्यांनी स्वतः जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, किती वेळ उकडायचं हे त्या शेजारणीला विचारून आल्या होत्या.

ग्राउंडच्या दिवशी दुपारी बीडहून कोमलचा फोन आला. "मॅडम, मारलं," एवढंच म्हणाली. मागे पोरींचा गलका चालला होता. उत्तमरावांनी शब्द पाळला, माजलगावचं स्थळ परत पाठवलं. गावात मात्र त्यांनी सांगितलं की मी आधीपासून म्हणत होतो, पोरीच्या पोटात काही नाही. लेखीत ती तीन मार्कांनी राहिली. पुढच्या भरतीत निघाली. आता ती दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला आहे आणि मेसमध्ये दूध नको म्हणते म्हणून तिथले लोक तिला नखरेल समजतात.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. नाव लिहून घ्यायच्या चिठ्ठीवर "दूध किती?" असं हातानं लिहायला लागले. निम्मे लोक विचारायचे, आणायचं होतं का? आणि नॉर्मल लिहिणं सोडलं. "जंत, अमिबा दिसले नाहीत" असं पूर्ण लिहायला लागले. त्याला वेळ लागतो, खिडकीत गर्दी साचते, डॉक्टर कुरकुरायचे. त्याआधी किती तरुण पोरापोरींच्या हातात मी नॉर्मल ठेवलं आणि घरी त्यांना कुणी काय ऐकवलं, हे मला कधीच कळणार नाही. ती बोच आहे.

कोमलची निवड झाल्यावर सुमनबाई पेढे घेऊन आल्या. त्याच म्हशीच्या खव्याचे, घरी केलेले. डॉक्टरांना दिले, केसपेपर काढणाऱ्या मुलीला दिले, मला दोन दिले. मी म्हणाले, तुम्ही घ्या ना. त्यांनी नको म्हणून मान हलवली. इतर लोक जाईपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या. मग पिशवीतून औषधाची एक घासूनपुसून लख्ख केलेली बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आत नमुना होता, बरोबर हरभऱ्याएवढा. एकतीस वर्षांत तेवढाच आणणारी ती पहिली बाई.

"माजं बी बघा," त्या म्हणाल्या. "त्या रेडकाच्या टायमाला ध्यानात आलं माज्या. पोरीला व्हायलं, तेच मला लगीन झाल्यापासनं हाय. रोज सकाळच्याला तीन बार पळावं लागतंय. मला वाटलं, बायकायला आसतंच."

मी तपासलं. कागद लाल झाला. शेजारच्या स्टुलावर बसून त्या दिव्यावरच्या नळीचा रंग बदलताना बघत होत्या. मी सांगितलं, दूध बंद करा, खवा बंद करा, पंधरा दिवसांत फरक पडेल. दूध तसंही आपल्या वाट्याला येत नाही, त्या म्हणाल्या, आणि खवा सणालाच. दिवसातून दूध पोटात जातं ते एकदाच, सकाळच्या चहात, वाडगाभर, निव्वळ दुधाचा. मग तो चहा कोरा घ्या, मी म्हणाले.

त्यांनी बाटली परत पिशवीत घातली.

"चहाचं न्हाई जमायचं मॅडम. समद्यायचं उरकलं की म्या चहा घिऊन चुलीम्होरं बसते. चहा हातात हाय तवर मला कुणी ऊठ म्हनत न्हाई. कोरा चहा दोन घोटात संपतोय. दुधाचा लई येळ ऊन ऱ्हातोय, वर साय धरती, फुकून फुकून प्यावा लागतोय. दिवसातनं तेवढंच बसनं व्हतं."

"आणि मग पोट?" मी विचारलं.

"मग पळते की," त्या म्हणाल्या, आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठल्या.